अंगावर कोड असलेलं मूल आणि रस्त्यातली माणसं: आईबाबा वारंवार विचारतात ते प्रश्न

माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. आता तिला दहावं सरतंय. डोळ्याभोवती, ओठांच्या दोन्ही कडांना, गुडघ्यांवर आणि बोटांच्या पेरांवर कोड आहे. आम्ही सांगलीत राहतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या आया, फोनवर बोलणारे बाबा, कधी एखादी आजी मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र लिहिलंय. औषधोपचाराचं डॉक्टरच सांगतील. इथे बोलायचंय ते लोकांच्या तोंडाबद्दल.

भर बाजारात कुणी विचारलं, “काय झालंय हो पोरीला?” तर काय सांगायचं?

“कोड आहे. दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही.” एवढं सांगायचं आणि थांबायचं.

हे वाक्य ठरायला आम्हाला वर्ष लागलं. आधी मी विचारणाऱ्याला सगळं सांगत बसायचे. कधी आलं, कुठे दाखवलं, घराण्यात कुणालाच कसं नाही. एकदा मंडईत मेथीची जुडी हातात धरून मी असंच एका बाईंना समजावत होते. त्या कोण, कुठल्या, मला काही माहीत नव्हतं. लेक माझ्या मागे सरकली आणि माझी ओढणी तोंडावर घेऊन उभी राहिली. परत येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, “आई, तू त्यांना सॉरी का म्हणत होतीस?”

मी सॉरी म्हटलं नव्हतं, पण माझा सूर तसाच होता आणि तिनं तो बरोबर ओळखला होता.

विचारतो कुणीही, पण आपलं उत्तर कान देऊन ऐकत असतं ते आपलं मूल. ती बाई पाच मिनिटांत सगळं विसरून कोथिंबिरीचा भाव करणार आहे. मुलाच्या मात्र लक्षात राहतं की माझ्याबद्दल बोलताना आईचा आवाज खाली गेला, किंवा गेला नाही. म्हणून “मेथी कशी दिली?” ज्या आवाजात विचारता, त्याच आवाजात “कोड आहे” म्हणा. मुलाच्या खांद्यावर हात असू द्या आणि सांगून झालं की हातातल्या कामाकडे वळा. समोरच्याला पुढे विचारायचं असतं, पण आपण पिशवी उघडून भाजी भरायला लागलो की बहुतेक लोक गप्प होतात.

आरशासमोर दहा-बारा वेळा म्हणून बघा. वेड्यासारखं वाटेल, पण ऐन वेळी जीभ अडत नाही.

“कोड” म्हणावं की “पांढरे डाग”?

घरात आम्ही “कोड” म्हणतो. सुरुवातीला माझ्या तोंडून तो शब्द निघत नसे. आमच्याकडे तो कुजबुजूनच बोलला जातो. “त्यांच्या धाकटीला फुटलंय म्हणे,” एवढंच, बाकीचं डोळ्यांनी. जो शब्द घरात दबक्या आवाजात येतो, त्याची मुलाला भीती बसते. आपणच तो रोजचा करून टाकला तर बाहेर कुणी फेकून मारला तरी तो मुलाला नवा नसतो. तुमच्या मुलाला “पांढरे डाग” किंवा डॉक्टरांचा “व्हिटिलिगो” हा शब्द जवळचा वाटत असेल तर तो वापरा. तो सगळ्यांनी मोकळेपणाने वापरला की झालं.

या शब्दाच्या पाठीवर एक जुनं ओझं आहे. “कोड” हा संस्कृत “कुष्ठ”वरूनच आलाय, आणि कोडाला “श्वेतकुष्ठ” म्हणण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. म्हणून कित्येकांना हे महारोगाचंच एक रूप वाटतं. दोन्हींचा काही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्यात चट्ट्यावरची संवेदना कमी होते. कोडाच्या जागी मुलाला गुदगुल्या केल्या तरी ते इतर जागेइतकंच खिदळतं.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. “छे हो, महारोग नाही काही!” असं आपण घाईघाईनं, तोंड वेडंवाकडं करत म्हणतो, तेव्हा आपल्या मुलावरची शिळा उचलून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवतो. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात. वरोऱ्याचं आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं, तिथे तरी हे वाक्य जपून म्हणावं. “नाही, हे वेगळं आहे,” एवढं पुरतं.

मुलाला आणि लोकांना समजेल असं कोड म्हणजे नेमकं काय?

कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा गोंधळून त्यांच्यावरच हल्ला करते, त्या जागचा रंग जातो आणि डाग दिसतो. जगात साधारण ०.५ ते १ टक्का लोकांना कोड असतं. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते वयाच्या २० वर्षांआधी सुरू होतं, आणि बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला नसतं. लेकीला मी सांगितलं होतं, “तुझ्या अंगातले शिपाई चुकून आपल्याच रंगाऱ्यांना मारतात.” तिला ते इतकं पटलं की तिनं शिपायांचं चित्र काढून डॉक्टरांना नेऊन दिलं.

“मासे खाऊन दूध दिलंत का?” “पोटात जंत आहेत.” “गरोदरपणी काय खाल्लं होतं?” याला काय म्हणायचं?

मासे-दुधाने कोड होत नाही. जंतांनी होत नाही, आंबट खाल्ल्याने होत नाही. जंतांचं बहुधा असं आहे की लहान मुलांच्या गालावर फिकट चट्टे येतात, ते जंतांमुळे असं आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. ते चट्टे वेगळे, शिबं वेगळी आणि कोड वेगळं.

पण रस्त्यात हे समजावत बसू नका. या प्रश्नांच्या पोटात एकच प्रश्न असतो, चूक कुणाची? आणि तो जवळजवळ नेहमी आईला विचारलेला असतो. माझं उत्तर असतं, “कुणाच्या चुकीने होत नाही हे.” माझ्या मुलीने ते इतक्या वेळा ऐकलंय की एकदा आजीच देवापुढे “माझ्या कुठल्या पापाचं” म्हणायला लागली तेव्हा हिनंच सांगितलं, “आजी, कुणाच्या चुकीने होत नाही ते.” सासूबाईंनी त्यानंतर तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कुणी मुलाच्या अंगाला हात लावला तर?

थांबवा, लगेच. इथे भिडेला जागा नाही.

कराडहून येताना एसटीत एक आजी शेजारी बसल्या होत्या. प्रेमळ होत्या, खाऊही देऊ केला. मग अंगठा जिभेला लावून त्यांनी लेकीच्या ओठाची कड घासायला सुरुवात केली, “चुना लागलाय व्हय गं बाळा?” लेक आकसून खिडकीला चिकटली. मी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि म्हटलं, “आजी, हात नका लावू. कोड आहे ते, पुसून जात नाही.” त्या ओशाळल्या. मला वाईट वाटलं, पण हात बाजूला केला याचं वाईट वाटलं नाही.

घासण्याला वैद्यकीय कारणही आहे. कोड असलेल्यांच्या कातडीला खरचटलं, सतत घासलं, घट्ट इलॅस्टिक काचलं, तर कधीकधी त्याच जागी नवा डाग उठतो. एका अंगठ्याने काही होत नाही, पण “पुसून जातंय का बघू”ची सवय कुणालाच लागू देऊ नका.

तुमचा हेतू कितीही चांगला असो, माझ्या अंगाला हात लावायचा तर मला विचारा, असं ठामपणे म्हणायला मुलाला शिकवून ठेवा. ते फक्त कोडापुरतं कामाला येत नाही.

कुणी आपलं मूल आमच्या मुलापासून ओढून नेलं तर?

हे सगळ्यात जास्त लागतं. शब्द परतवता येतात, झटकलेल्या हाताला काय उत्तर द्यायचं?

बागेत घसरगुंडीपाशी एका आईनं आपल्या मुलाला दंडाला धरून नेलं. मी जवळ जाऊन म्हटलं, “ताई, कोड आहे तिला. हात धरून खेळलं तरी होत नाही कुणाला.” त्या “नाही नाही, आम्ही निघालोच होतो” म्हणाल्या आणि खरंच निघून गेल्या. दर वेळी लोक ऐकतात असं नाही. पण लेकीनं पाहिलं की आई गप्प बसली नाही आणि भांडलीही नाही. नंतर खाली बसून मी तिला सरळ सांगितलं, “त्या काकूंना माहीत नव्हतं, म्हणून त्या घाबरल्या. वाईट वाटलं ना? मलापण वाटलं.” “काही नाही झालं, सोड” असं म्हणू नका. काहीतरी झालंय हे मुलाला कळलेलं असतं, आणि आपण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगत नाही.

लोक नुसतं टक लावून बघतात. बोलत काहीच नाहीत.

त्यांच्याकडे बघून ओळखीच्या माणसासारखं हसा. पाचातले चार जण हसतात नाहीतर नजर वळवतात. तरी बघतच राहिले तर मुलाशी बोलायला लागा आणि आपल्या अंगाची आड करून उभे राहा. दर नजरेला उत्तर द्यायला गेलात तर लग्नाच्या हॉलमध्ये जेवणच होणार नाही.

लहान मुलांनी विचारलं तर?

मनापासून आणि खालच्या पट्टीत न येता उत्तर द्या. चार-पाच वर्षांचं मूल “हिला असं का?” विचारतं ते जसं “मांजराला शेपूट का?” विचारतं तसं. त्याच्या आईबाबांनी “श्श, असं विचारू नये” म्हणून त्याला ओढलं की त्या मुलाला कळतं, इथे काहीतरी भयंकर आहे. मी त्या आईलाच म्हणते, “विचारू द्या हो.” मग लेक सांगते. एका चिमुरडीनं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कोपरावरचं लासं दाखवलं, “माझ्याकडे हे आहे.” दोघी अर्धा तास वाळूत खेळल्या.

“आमच्या ओळखीत एक बाबा आहेत.” “बावचीचं तेल लावा आणि उन्हात बसवा.” फुकटच्या सल्ल्यांचं काय करायचं?

“आमचे डॉक्टरांचे उपचार चालू आहेत” म्हणायचं आणि विषय बदलायचा. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला तर घ्या, वाद वाचतो.

बावचीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. बावची कातडीला उन्हाबाबत फार हळवी करते. अंदाजाने लावून मुलाला उन्हात बसवलं तर भाजल्यासारखे फोड येतात. दवाखान्यात अशी फोड आलेली पाठ मी पाहिलीय, सहा-सात वर्षांच्या मुलाची. आईबाबा रडत होते, “लोक म्हणाले म्हणून लावलं.” लोकांची तोंडं बंद करण्यासाठी मुलाच्या कातडीवर प्रयोग करू नका. मलमं, ठरावीक प्रकाशाचे उपचार, त्यांच्या मात्रा आणि थायरॉईडची तपासणी करायची की नाही, हे सगळं त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवायचं. डागांवर ऊन पटकन भाजतं, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन लागतंच. पण ते उन्हासाठी, झाकण्यासाठी नव्हे, हे मुलाला माहीत असू द्या.

“मुलीची जात आहे, पुढे लग्नाचं कसं?” हे तिच्यासमोर बोलतात.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा लेक बालवाडीत होती. हळदीकुंकवाला गेले होते. वाण घेऊन उठताना एक बाई कळवळून म्हणाल्या, “चेहऱ्यावर नको होतं गं यायला, पोरीची जात.” पाच वर्षांची मुलगी हातात तिळगूळ घेऊन माझ्याकडे बघत होती.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. रात्रभर झोप नाही. आजही ते आठवलं की घशात येतं, कारण माझ्या गप्प राहण्याचा तिनं काय अर्थ काढला असेल ते मला कधीच कळणार नाही.

आता मी म्हणते, “ती समोर आहे, तिच्यासमोर असं बोलू नका.” आवाज न चढवता, हसू न आणता. हसून टाळलं की ते बोलणं चालतं असं ठरतं. वयाने मोठ्या असतील तर “काकू” म्हणून म्हणते, पण म्हणतेच. मानाचा शब्द लावून नाही म्हणता येतं, हे आपल्या भाषेत चांगलं आहे.

आणि घरी? घरी तिच्याशी लग्नाबद्दल नव्हे, तिच्याबद्दल बोलतो. तिला आज काय शिकायचंय, सायकल दुरुस्त झाली का. ती मोठी होईल तेव्हा लग्न करायचं की नाही, कुणाशी, हे तिचं. कोडामुळे मोडलेली स्थळं मीही पाहिलीत, ते नाकारत नाही. म्हणून तिच्या वयाच्या दहाव्या वर्षापासून तिला त्या माणसांच्या पसंतीची वाट बघायला बसवायचं, हे मला मान्य नाही. मुलग्यांच्या आईबाबांनाही सांगते, त्यांना लग्नाचं कुणी विचारत नाही, पण शाळेत “झेब्रा” म्हणतात. ते घरी सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

माझा तोल गेला. मी त्या माणसाला नको नको ते बोललो, मूल घाबरलं.

होतं असं. एका बाबांनी मला सांगितलं, रिक्षावाला “दुसऱ्या रिक्षाने जा” म्हणाला आणि यांनी त्याची कॉलर धरली. मुलगा रडायला लागला. घरी गेल्यावर मुलाला सांगा, “मी चिडलो कारण तो चुकीचं वागला. तुझ्यामुळे नाही चिडलो.” हे दुसरं वाक्य सोडू नका. आपल्या कोडामुळे आईबाबांची भांडणं होतात असं मुलं सहज धरून चालतात, आणि मग बाहेर यायला नको म्हणतात.

रोज शांत राहणं कुणालाच जमत नाही. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी उत्तर न देता पुढे चालू लागा.

मुलाने स्वतः उत्तर कधी द्यायचं?

त्याला हवं तेव्हा. आम्ही सहाव्या वर्षापासून एक खूण ठेवलीय. लेकीने माझा हात दोनदा दाबला की “तू बोल,” नाही दाबला तर ती बोलणार. घरी आम्ही खेळ खेळतो. मी आगाऊ बाई होते, तिचा बाबा तिकीट तपासनीस होतो, आणि ती उत्तरं देते. “कोड आहे” हे एक उत्तर. “मला आत्ता सांगायचं नाही” हेही पूर्ण उत्तर आहे, ते मुद्दाम शिकवा. प्रत्येक वाटसरूला माहिती पुरवणं हे मुलाचं काम नाही.

गेल्या महिन्यात त्याच मंडईत एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “भाजलं व्हय गं पोरी?” हात दाबला गेला नाही. “नाही मावशी, कोड आहे. दुखत नाही.” “आसं व्हय,” म्हणत मावशींनी दोन मिरच्या जास्तीच्या टाकल्या.

शाळा आणि तरणतलाव?

वर्ष सुरू होतानाच वर्गशिक्षकांना भेटा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून संसर्ग होत नाही अशी चिठ्ठी आणून द्या. वर्गात कुणी सांगावं हे मुलाला विचारा. आमच्या लेकीने स्वतः सांगितलं, मायकेल जॅक्सनलाही कोड होतं आणि २५ जून हा त्याचा स्मृतिदिन जगभर कोड दिन म्हणून पाळतात, हेही सांगितलं. नंतर आठवडाभर मुलं तिला नाचायला सांगत होती.

शिक्षकच बोलत असतील तर ते सहन करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या. गरज पडली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत कोड नाही, म्हणून त्याच्या आधाराने तक्रार होईल असं धरून चालू नका.

“त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही” अशी पाटी बऱ्याच तलावांवर असते. तीच चिठ्ठी व्यवस्थापकांना दाखवा, आणि शक्यतो मुलाला न नेता आधी एकटे जाऊन. आम्हाला दोन खेपा घालाव्या लागल्या. लेक आता पाण्यात सूर मारते.

डाग झाकणारं क्रीम लावू द्यावं का?

मूल मागत असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर द्या. स्नेहसंमेलनाला, फोटोला, ज्या दिवशी कुणाचे प्रश्न नकोत त्या दिवशी. आपल्याला पाहुण्यांची लाज वाटते म्हणून लावू नका. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून आणलेली मुलं मी पाहते तेव्हा त्यांच्या आईच्या मनातली भीती मला समजते, कारण मीही एक मे महिना तसाच काढलाय.

माझ्यासारखे आणखी आईबाबा कुठे भेटतील?

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांसाठीच काम करते. गावात काहीच नसेल तर तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना सांगून ठेवा की दुसरं कुणी कुटुंब तयार असेल तर आमचा नंबर द्या. माझी पहिली मैत्रीण अशीच भेटली. आमच्या दोघींच्या मुली पहिल्यांदा समोरासमोर आल्या तेव्हा बोलल्या काहीच नाहीत. चड्डीच्या खाली दिसणारे गुडघे एकमेकींना लावून बघत बसल्या, कुणाचा डाग मोठा ते.

मूल म्हणतं, “मला कुठेच यायचं नाही.” काय करू?

एक-दोन दिवस राहू द्या घरी. आठवडे गेले, खाणं-झोप बिघडली, आरशात बघणं टाळलं, डाग खरवडायला लागलं, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या आणि त्वचारोगतज्ज्ञांनाही सांगा. तोवर जवळच्या, ओळखीच्या जागेपासून सुरुवात करा. आम्ही आधी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचो, एक पेन्सिल आणायला. दुकानदार काकांनी तिला कधीच काही विचारलं नाही. “खोडरबर पण देऊ का?” एवढंच विचारायचे.